रेगेलुंग, स्टॉयरुंग आणि कुकर: जर्मनीत आखेनला शिकायला येणाऱ्यांसाठी

सप्टेंबर आला की पुण्या-नाशिककडच्या पोरांचे मेसेज सुरू होतात, दादा मसाले किती आणू, जॅकेट तिकडे घेऊ की इकडून. मसाले इथे मिळतात, कुकर तेवढा आणा. रूम मिळाली की दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, करायचं, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो चावी घेतानाच मागून घ्या.

आता लॅबचं. इथे रोबोटिक्स, कंट्रोल असं काही शिकायचं तर नुसती लेक्चरं करून भागत नाही, हिवी व्हा. हिवी म्हणजे इन्स्टिट्यूटमध्ये तासांवर काम करणारा स्टुडंट. मेलाटेन भागात मशीन टूल्सची, म्हणजे धातू कापून आकार देणाऱ्या यंत्रांची, वेत्सेटएल (WZL) ही युनिव्हर्सिटीची लॅब आहे, 1906 पासूनची, जवळच फ्राउनहोफर या संशोधन संस्थेवाले आहेत, आणि हॉलमध्ये खरी मोठी मशीनं चालू असतात. प्रोफेसरला मेल करून बसू नका, हिवीच्या जाहिरातीखाली ज्या पीएचडीवाल्याचं नाव असतं त्यालाच लिहा, काम तोच देतो. आणि सीव्हीत 'पॅशनेट' वगैरे नको, पीएलसीवर (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवर) स्वतः काय प्रोग्राम लिहिला, कुठली मोटर फिरवली ते लिहा. चाकणला सहा महिने पॅनल वायरिंग केलं असेल तर ते सगळ्यात वर टाका, लाजू नका!

इंटरव्ह्यूत मला पहिल्यांदा विचारलं ते रेगेलुंग आणि स्टॉयरुंगमधला फरक. आपण दोन्हीला कंट्रोल म्हणून मोकळे होतो, इथे ते चालत नाही. घरच्या पंख्याचा रेग्युलेटर तीनवर ठेवला की खोली गार होवो न होवो पंखा तसाच फिरत राहतो, म्हणजे नाव रेग्युलेटर असलं तरी ते स्टॉयरुंग. गीझरचा थर्मोस्टॅट पाणी किती तापलंय ते बघून चालू-बंद होतो, ती रेगेलुंग. हे डोक्यात बसलं की बाकीचं जर्मन हळूहळू येतं, बी वन या मधल्या लेव्हलपर्यंत तरी करा कारण वर्कशॉपमधले मास्टर लोक इंग्रजीत बोलायला फार उत्सुक नसतात.

रोबोटने मिलिंग, म्हणजे फिरत्या कटरने धातू कोरायचं काम, करायचा विषय मिळाला तर खूश व्हा पण हलक्यात घेऊ नका. सहा सांध्यांचा हात मशीन टूलच्या मानाने फारच लवचिक, मशीन टूल एक मायक्रॉन वाकवायला 50 न्यूटनच्या वर जोर लागतो, रोबोटला साधारण 1 न्यूटनच्या आसपास. त्यामुळे कटर लागला की हात मागे सरकतो, थरथरतो, आणि तो किती सरकेल हे हात कसा वाकलाय त्यावर बदलतं. हे मोजून भरून काढायचं यावर इथे लोकांच्या पीएचड्या झाल्यात. माझा पहिला पीस मी टूलचं वजन कंट्रोलरमध्ये न भरता चालवून खराब केला होता, टी वन या हळू चालवायच्या टेस्ट मोडमध्ये रोबोट 250 मिलिमीटर पर सेकंदच्या वर जात नाही म्हणून निदान कोणाला लागलं तरी नाही. सेफ्टीचं ट्रेनिंग सहीपुरतं करू नका, पेंडंटचं, म्हणजे रोबोट चालवायच्या हातातल्या रिमोटचं, मागचं बटण अर्धं दाबलं तर रोबोट चालतो, सोडलं किंवा घाबरून गच्च आवळलं तर थांबतो, हे हाताला माहीत पाहिजे.

बाकी गावात एलिझेनब्रुनेन या कारंज्यापाशी सडक्या अंड्याचा वास येईल, घाबरू नका, वज्रेश्वरीसारखं गंधकाचं गरम पाणी आहे. आणि रविवारी दुकानं बंद असतात, कांदे संपले तर बसने सीमा ओलांडून हॉलंडमधल्या वाल्सला जायचं.