मान धरली का, पालथं पडलं का? बाळाच्या पहिल्या महिन्यांत या चुका टाळा

सर्वात जास्त घबराट पसरते ती वय चुकीचं मोजल्यामुळे. ३२ आठवड्यांत जन्मलेलं बाळ पूर्ण दिवसांच्या, म्हणजे ४० आठवड्यांच्या हिशेबाने आठ आठवडे आधीच आलेलं असतं. जन्मतारखेने ते चार महिन्यांचं झालं, तरी विकास बघताना दोनच महिन्यांचं धरायचं. मग त्याची मान डगमगते यात नवल ते काय? हा हिशेब दोन वर्षांचं होईपर्यंत ठेवा. लसी मात्र जन्मतारखेनेच द्यायच्या, त्या पुढे ढकलू नका.

दुसरी चूक म्हणजे शेजारच्या बाळाशी तुलना. नाशिकच्या सिडकोतल्या एकाच बिल्डिंगमधली दोन बाळं एकाच आठवड्यात पालथी पडतील असं नसतं. ओळखून हसणं दीड-दोन महिन्यांत, मान धरणं तीन ते चार महिन्यांत, पालथं पडणं साधारण चार ते सहा महिन्यांत. आधाराशिवाय बसायला काहींना नववा महिनाही लागतो. काही बाळं रांगतच नाहीत, थेट धरून उभी राहतात. त्यावरून आजीने चिंता करू नये, आणि सुनेला तर मुळीच बोलू नये.

आता नाशिकच्या थंडीचं. डिसेंबर-जानेवारीत टोपडं, दोन स्वेटर, वर दुपट्याची घट्ट गुंडाळी, आणि दिवसभर झोळी. बाळ उबेत राहतं, पण हातपाय हलवणार कधी? पाय सरळ ताणून बांधले तर खुब्याच्या सांध्यालाही धोका असतो. ऊब द्या, पण गुंडाळी सैल ठेवा. मालिश झाली म्हणजे व्यायाम झाला, असंही धरू नका. जाग असताना जमिनीवर चटई घालून त्यावर गोधडी टाका आणि बाळाला दोन-तीन मिनिटं पोटावर ठेवा. दिवसातून तीन-चारदा पुरे, दूध पाजल्या पाजल्या नको. रडलं तर तुम्हीही समोर आडवे व्हा, त्याला तोंड दिसलं की मान उचलतं. झोपवताना मात्र पाठीवरच.

चाकांचा वॉकर आणू नका. त्याने चालणं लवकर येत नाही, पडण्याचा धोका तेवढा वाढतो. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.

थाळी वाजवली आणि बाळ दचकलं, म्हणजे कान ठीक, हेही खरं नाही. मोठा आवाज ऐकू येतो, पण हळू बोलणं येत नाही, असं असू शकतं. जन्मानंतरची श्रवणचाचणी राहिली असेल तर करून घ्या.

"मुलगेच ते, उशिराच करतात" या एका वाक्यात मोलाचे महिने जातात. तीन महिन्यांनंतरही हसत नसेल, नजर वस्तूमागे फिरत नसेल, चौथा महिना संपला तरी मान लटकत असेल, एकच मूठ सतत घट्ट असेल, अंग ताठ किंवा अगदी सैल वाटत असेल, तर वाट बघू नका. येत असलेली गोष्ट बंद झाली, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर डीईआयसी, म्हणजे बाळाच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रांची सोय आहे, त्याबद्दल आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड न्या आणि घरी मोबाईलवर घेतलेला व्हिडिओही. ओपीडीत बाळ एकतर झोपलेलं असतं, नाहीतर रडत असतं.