क्रिप्टोची डिप: तळ शोधू नका, हप्ते आधी ठरवा

‘भाव पडला की उचला,’ म्हणजे ‘डिप’ घ्या, हा सल्ला आमच्या इंदुरात रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खाता कुणीही देतं. पडता भाव थांबणार कुठे, असं विचारलं की सगळे गप्प. मी २०२० पासून बिटकॉइन घेते आहे आणि हा सल्ला मला आता ऐकवत नाही.

खातं, केवायसी, पैसे भरणं यात सांगण्यासारखं काही नाही. एफआययूकडे (केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे) नोंदणी असलेलं एक्सचेंज, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीचा प्लॅटफॉर्म, निवडा. उसने पैसे आणि फ्युचर्स (पुढच्या भावावर लावलेले सौदे), दोन्हींना हात लावू नका.

अवघड काम एकच आहे: किती पडल्यावर किती घ्यायचं, हे भाव पडण्याआधी ठरवणं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९ हजार डॉलरजवळ होता. जानेवारी २०२२ मध्ये तो ३५ हजारांवर आला तेव्हा मला वाटलं, अर्ध्या किमतीत मिळतोय, याहून स्वस्त काय होणार? बाजूला ठेवलेले सगळे पैसे मी एका रात्रीत लावले. जूनमध्ये भाव १८ हजारांच्याही खाली गेला. अर्ध्याचं पुन्हा अर्धं झालं. नोव्हेंबरात एफटीएक्स हे मोठं क्रिप्टो एक्सचेंज बुडाल्यावर तो १६ हजारांच्या आसपास आला. तोवर थोडे पैसे परत जमले होते, पण आता मी १२ हजारांची वाट बघत बसले. तो भाव आलाच नाही. एकदा घाई झाली, एकदा उशीर, पण चूक तीच: तळ मला दिसतोय असं मी धरून चालले होते. तळ चार्टवर उमटतो तो भाव वर गेल्यानंतर. शेअर बाजार साडेतीनला बंद होतो, विचार करायला रात्र मिळते. इथे बाजार चोवीस तास चालू असतो, आणि अमेरिकेतल्या बातमीने भाव हलतो तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र असते. त्या वेळी फोन हातात घेऊन घेतलेला निर्णय चांगला नसतो, हे मी पैसे घालवून शिकले.

म्हणून रकमेचे १० भाग करा. ६ भाग एकेक करून दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला लावा, भाव काहीही असो. उरलेल्या ४ भागांच्या लिमिट ऑर्डर (ठरलेला भाव आला की आपोआप खरेदी होते त्या) टाका: शेवटच्या उच्चांकापासून ३०, ४५, ६० आणि ७५ टक्के खाली. ७५ हा आकडा टोकाचा वाटेल, पण २०१८ आणि २०२२, दोन्ही पडझडींत बिटकॉइन त्याच्याही खाली गेला होता. हे सगळं कागदावर लिहा आणि कागद घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. माझा आईकडे असतो. आकडा बदलायचा तर तिला कारण सांगावं लागतं, आणि निम्म्या वेळा सांगता सांगताच कळतं की कारण नाहीच, नुसती भीती आहे.

ही पद्धत वाटेल त्या कॉइनला लावू नका. मे २०२२ मध्ये लुना नावाचा कॉइन काही दिवसांत ८० डॉलरवरून जवळपास शून्यावर आला. त्यात प्रत्येक पायरीवर ‘डिप’ घेणाऱ्यांचा प्रत्येक हप्ता गेला.

‘वर विका, खाली परत घ्या’ हा दुसरा वाईट सल्ला. हिशेब करून बघा. ५ लाखांचे कॉइन १० लाखांना विकले तर ५ लाखांच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे १,५६,००० रुपये. हातात राहिले ८,४४,०००. तेवढेच कॉइन परत घ्यायचे तर भाव १५.६ टक्के पडायला हवा, तोही एक्सचेंजची फी सोडून. शिवाय विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो. तो करात वळता होतो, पण तोवर अडकून राहतो. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. सारखी खरेदी-विक्री करणाऱ्याला हा नियम फार महाग पडतो.

भावाचे अलर्ट बंद करा. खरेदी झाली की तारीख, रुपये, कॉइनची संख्या आणि फी त्याच दिवशी वहीत लिहा. रिटर्नमध्ये प्रत्येक विक्रीसमोर खरेदीची तारीख आणि किंमत भरावी लागते, आणि चार वर्षांपूर्वीचा हप्ता तेव्हा आठवत नाही.