एसटीपीत नायट्रेट उतरत नव्हता: दोष डोसचा नव्हता, पाइपचा होता

रोज 100 घनमीटरचा सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र). बाहेरच्या पाण्यात अमोनिया जवळपास शून्य, पण नायट्रेट-नायट्रोजन 24 मिग्रॅ/लिटर. सेटलिंग टाकीत गाळाचे गोळे बुडबुड्यांसकट वर येत.

कल्चर पावडर, ब्लोअर जास्त वेळ, अंदाजाने गूळ, सगळं फुकट. गुळाने उलट बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण) वाढला. तीन महिने डोकं फिरलं.

नायट्रेट उतरतो तो अ‍ॅनॉक्सिक, म्हणजे हवा न सोडलेल्या टाकीत; तिथले जिवाणू कार्बन खाऊन नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. एअरेशन (हवा सोडायच्या) टाकीतलं पाणी तिथे परत नेणारा रिसायकलचा पाइप डिफ्यूझरच्या (हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या नळीच्या) वरूनच पाणी उचलत होता. त्यात विरघळलेला ऑक्सिजन 4 मिग्रॅ. ऑक्सिजन मिळतोय तोवर जिवाणू नायट्रेटला हात लावत नाहीत. रिसायकल येणाऱ्या सांडपाण्याच्या तिप्पट, म्हणजे कार्बनचा मोठा वाटा तिथेच जळत होता.

आधी पाइपचं तोंड एअरेशन टाकीच्या शेवटच्या कोपऱ्यात नेलं आणि तिथली हवा कमी केली. अ‍ॅनॉक्सिक टाकीत ऑक्सिजन 0.2 च्या खाली आल्यावरच कार्बनचा (सोडियम अ‍ॅसिटेटचा) डोस सुरू केला. हा क्रम उलटवू नका.

हिशेब असा: नायट्रेट 24 वरून 10 वर, म्हणजे लिटरमागे 14 मिग्रॅ उतरवायचे, म्हणजे दिवसाला 1.4 किलो नायट्रोजन. किलोमागे 5 किलो सीओडी (कार्बनचं खाद्य मोजायचं माप) धरला, एकूण 7. स्फटिकी (ट्रायहायड्रेट) सोडियम अ‍ॅसिटेटच्या किलोत सीओडी 0.47, म्हणून रोज 15 किलो. निर्जल घेतलं तर 9 पुरे. गोणीवर नीट वाचा, इथेच घोळ होतो. मिथेनॉल हा दुसरा पर्याय, पण ज्वलनशील, तळघरात नकोच.

द्रावण डोसिंग पंपाने अ‍ॅनॉक्सिक टाकीच्या तोंडाशी, मिक्सर चालू ठेवून. सुरुवात 5 किलोने, दर चार दिवसांनी वाढ. त्या टाकीतून निघताना नायट्रेट 1-2 राहिला की थांबा. शून्य आला तर डोस जास्त होतोय.