क्लाउडवर जायचंय पण सिक्युरिटीची धाकधूक आहे? मग आधी एवढं करा

सगळ्यांची पहिली भीती एकच, डेटा दुसऱ्याच्या मशीनवर जाणार आणि तिथे कोणी बघितला तर? पण भोक बहुतेक वेळा आपल्याच सेटिंगमधे असतं. २०१९ ला कॅपिटल वन बँकेकडची अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी लोकांची माहिती गेली ना, तिथे फायरवॉल (बाहेरून येणारी रहदारी गाळणारी भिंत) चुकीचा सेट केलेला होता आणि त्याला दिलेल्या परमिशन्स गरजेपेक्षा कितीतरी जास्त होत्या, म्हणून हॅकर थेट डेटा ठेवलेल्या स्टोरेजपर्यंत पोचली.

तर सुरुवात लॉगिनपासून करा. रूट अकाउंटला (सगळे अधिकार असलेलं मुख्य अकाउंट) एमएफए लावा, म्हणजे पासवर्डशिवाय मोबाईलवरच्या कोडसारखा दुसरा पुरावाही लागेल, त्याची ॲक्सेस की (प्रोग्रामला आत शिरायला दिलेली गुप्त किल्ली) असेल तर डिलीट करा आणि रोजच्या कामाला ते अकाउंट वापरूच नका. प्रत्येकाला वेगळा युजर, कामापुरतीच परमिशन. "तात्पुरतं ॲडमिन देऊन टाक" हे वाक्य ज्या ऑफिसात ऐकू येतं तिथे ते तात्पुरतं कधीच संपत नाही. नोकरी सोडून गेलेल्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद. आणि ॲक्सेस की कोडमधे लिहून गिटहबवर (कोड ठेवायची साइट) टाकू नका प्लीज, अशा की शोधणारे बॉट सतत फिरत असतात.

आता बॅकअप, इथे जरा थांबा कारण बहुतेक जण इथेच फसतात. २०१४ मधे कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) कंट्रोल पॅनलमधे कोणीतरी घुसलं, पैसे मागितले, कंपनीने पासवर्ड बदलले तर त्याने आधीच जास्तीचे लॉगिन बनवून ठेवलेले, मग त्याने बहुतेक डेटा आणि बॅकअप दोन्ही उडवलं आणि कंपनी बंदच पडली. म्हणून एक कॉपी वेगळ्या अकाउंटमधे ठेवा, शक्यतो ठरावीक दिवस कोणालाच डिलीट करता येणार नाही अशी लॉक करून. लोकेशनही वेगळं हवं, मार्च २०२१ मधे फ्रान्समधे स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली तेव्हा बॅकअप तिथेच ठेवणाऱ्यांचं सगळंच गेलं. आणि बॅकअपमधून डेटा रिस्टोअर (परत आणणं) करून बघा हो, नुसतं "बॅकअप सक्सेसफुल" चा मेल बघून खुश होऊ नका.

एन्क्रिप्शन (डेटा किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करणं), लॉग (कोणी कधी काय केलं याची नोंद) चालू करणं ही अर्ध्या तासाची कामं आहेत, करून टाका.

क्लाउड कंपनीच्या ॲग्रीमेंटवर सही करायच्या आधी मात्र तीन गोष्टी लेखी घ्या: डेटा कुठल्या देशात राहणार, काही गळती झाली तर किती तासात कळवणार, आणि आपण सोडून जायचं ठरवलं तर डेटा कुठल्या फॉरमॅटमधे परत मिळणार. सेल्सवाला "हो हो सगळं आहे" म्हणेल, त्याला ॲग्रीमेंटमधलं पान दाखवायला सांगा.