तर्रीने तुंबलेली मोरी

नाशिकच्या कॉलेज रोडला आमचं मिसळीचं हॉटेल. थंडी पडली की भांड्यांच्या मोरीतलं पाणी उलटं वर यायचं, तेही नेमकं रविवारी सकाळी! घरगुती प्लंबर स्प्रिंग फिरवून पैसे घेऊन जायचा, आठवड्यात परत तेच.

शेवटी सातपूरला कॅन्टीनची कामं करणाऱ्या प्लंबरला गाठलं. दर सांगण्याआधी त्याने चेंबर उघडलं, तिथेच माणूस पटला. पाइपात पांढरट, साबणासारखा थर आणि मधून बोटभर वाट. पामतेल गरम पाण्याबरोबर वाहतं आणि पुढे गार पाइपात गोठतं. ॲसिड ओतण्यात अर्थ नाही, पाइप मात्र खराब होतो.

त्याने सिंकनंतर ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल अडवणारी टाकी, बसवला. तेल वर तरंगतं, बाहेर जाणाऱ्या पाइपचं तोंड पाण्यात खोल असतं, म्हणून तेल आतच अडकतं. पुढे ११० मिमीचा पाइप, चार फुटांना इंचभर उतार.

कोटेशन लेखीच घ्या. फोडलेली फरशी कोण बसवणार, काम रात्री होणार का, हेही त्यात हवं. आमचं फरशीवरूनच वाजलं. ट्रॅप पाव हिस्सा भरला की उपसायचा. वास भयंकर, पोरं तोंडाला रुमाल बांधतात.