सिम्युलेशन वापरून मानवी विकास कसा शिकवायचा

बाळापासून म्हातारपणापर्यंतचा विकास नुसत्या स्लाईड्सवर शिकवला की विद्यार्थी टप्प्यांची नावं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात, म्हणून सिम्युलेशन (खऱ्या परिस्थितीची नक्कल) वापरा, पण आधी प्रत्येकाचा अंदाज लिहून घ्या, मगच स्क्रीन चालू करा.

पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा पाण्याचा प्रयोग घ्या. दोन सारख्या ग्लासांत सारखंच पाणी, त्यातलं एक उंच अरुंद ग्लासात ओतायचं, आता ४ वर्षांचं मूल काय म्हणेल? बहुतेकदा उंच ग्लासात जास्त पाणी आहे असंच म्हणतं, साधारण ७ च्या आसपास उत्तर बदलतं. विद्यार्थ्यांनी स्वतः स्क्रीनवर मुलाचं वय बदलून बघितलं की "असं का?" हे तेच विचारायला लागतात, तिथे अजिबात घाई करू नका.

कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये व्हर्च्युअल (आभासी) मूल वाढवायचं असेल तर दोन गटांना एकच बाळ द्या आणि पालकांचे निर्णय वेगळे घ्यायला लावा. प्रोग्रॅमचे नियम कुणीतरी ठरवलेत, खरं मूल इतक्या सरळ हिशोबाने वाढत नाही, हे आवर्जून सांगा.

म्हातारपणासाठी कॉम्प्युटर लागतच नाही. जाड ग्लोव्ह्ज, धूसर चष्मा, कानात इअरप्लग, आणि एक फॉर्म भरायला द्या. फक्त सगळे वृद्ध असेच असतात असा समज होऊ देऊ नका, शब्दसंग्रह तर बऱ्याच जणांचा साठीनंतरही छान टिकतो.