क्लिअर कोटची तयारी: आधी पट्टी, मग मॉड

सगळ्यात आधी पट्टी. क्लिअरचा (रंगावर मारायच्या पारदर्शक संरक्षक थराचा) कॅन, मास्किंग टेप, हातमोजे वगैरे खरेदी नंतर. व्हेप मॉडच्या (ई-सिगारेटच्या बॅटरीवाल्या भागाच्या) बॉडीला ज्या दिवशी प्रायमर माराल त्याच दिवशी त्याच प्रायमरने धातूचा एक तुकडा, म्हणजेच चाचणीची पट्टी, शेजारी रंगवायला घ्या. मॉडवर जो रंग, जो मार्कर, जितके हात (थर), तेच सगळं त्या तुकड्यावर. एखाद्या जुन्या मॉडचं बॅटरीचं झाकण पडून असेल तर सोन्याहून पिवळं, नाहीतर पत्र्याच्या डब्याचं झाकण चालेल. मागच्या खेपेला माझ्याकडे ही पट्टी नव्हती आणि क्लिअरचा दुसरा हात पडल्यावर सगळी नक्षी डोळ्यांदेखत सुरकुतली. त्यामुळे पट्टीचं पालुपद पुढे पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

पट्टी त्याच दिवशी का? तर रंग हाताला लागेनासा झाला म्हणजे तो आतून वाळला असं नसतं. एनॅमल तर हमखास फसवतं. वरून खडखडीत, आणि आत द्रावक अडकून बसलेलं. त्यावर लॅकरचं थिनर पडलं की वरचा पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा गोळा होतो. म्हणून काल घाईघाईने रंगवलेली पट्टी महिन्यापूर्वी रंगवलेल्या मॉडबद्दल काहीच सांगू शकत नाही. दोघांचं वय एकच हवं.

मग ठरवा, हा क्लिअर पुढे कधी काढायचा आहे का? हा प्रश्न बहुतेकांना काढायची वेळ आल्यावर सुचतो, तेव्हा त्याचा काही उपयोग नसतो. क्लिअर आणि खालचा रंग एकाच द्रावकात विरघळणारे असतील तर वरचा काढताना खालचा जाणारच. तिथे हातचलाखी चालत नाही.

हार्डनरवाला टू-के (दोन घटकांचा) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, सगळ्यात टणक. व्हेपचं लिक्विड सांडलं, अल्कोहोलने पुसलं, खिशात किल्ल्या घासल्या, त्याला फारसा फरक पडत नाही. पण एकदा पक्का झाला की तो घासूनच निघतो, आणि खालचं काम शाबूत राहण्याची आशा सोडा. शिवाय हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. साधा धुळीचा मास्क त्यापुढे शून्य आहे. एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की नंतर अगदी थोड्या मात्रेनेही दमा उसळतो. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बूथ नसेल तर टू-के स्वतः मारू नका. बॉडी पूर्ण सोडवून गाड्या रंगवणाऱ्याकडे द्या, सोबत पट्टीही द्या, आणि आधी पट्टीवर मारायला सांगा. टू-केचा स्प्रे कॅन खालचं बटण दाबून एकदा चालू केला की एक-दोन दिवसांत आतल्या आत घट्ट होतो. तेव्हा ‘आज पट्टी, मॉड पुढच्या आठवड्यात’ हा बेत त्याच कॅनवर जमणार नाही.

वन-के (हार्डनर नसलेलं) ॲक्रिलिक लॅकर हा कॅनमधला नेहमीचा गडी. पटकन वाळतो, चूक दुरुस्त करता येते, ॲसिटोनमध्ये केव्हाही परत विरघळतो. तोच त्याचा दोषही आहे. आयसोप्रोपिलने पुसत राहिलात तर चमक जाते, आणि सांडलेलं लिक्विड रात्रभर साचून राहिलं तर तिथे चिकटपणा येऊ शकतो. पाण्यातलं पीयू वासाला सौम्य, ब्रशनेही लागतं, पण पाण्यातल्या पेंट मार्करला ते परत ओलं करू शकतं. आणि खरोखर काढता येईल असा क्लिअर हवा असेल तर चित्रकारांचं काढता येणारं व्हार्निश आहे. ते मिनरल स्पिरिटमध्ये विरघळतं आणि पूर्ण वाळलेल्या ॲक्रिलिक रंगाला मिनरल स्पिरिट काही करत नाही. मध्ये पाण्यातल्या ॲक्रिलिक मीडियमचा एक पारदर्शक हात दिला की ते आणखी सुरक्षित. मात्र व्हार्निश मऊ असतं. रोज खिशात जाणाऱ्या मॉडला ते पुरत नाही, कपाटात ठेवायच्या मॉडला उत्तम. नेल पॉलिशचा टॉपकोट लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

मार्करने नक्षी केली असेल तर जास्त सांभाळा. साधा पर्मनंट मार्कर द्रावकाच्या क्लिअरखाली पसरतो, काळ्या रेषेभोवती जांभळट झाक येते. रंगद्रव्याचे पेंट मार्कर बरे. क्रोम चंदेरी मार्करची आरशासारखी चमक क्लिअर पडला की मरते आणि राखाडी रंग उरतो. कुठल्या मार्करचं काय होईल हे मला विचारू नका, पट्टीला विचारा.

पट्टीची परीक्षा अशी घ्या. टेपने तिचे तीन भाग करा. पहिला कोरा. दुसऱ्यावर क्लिअरची नुसती धूळ बसेल इतका हलका हात. तिसऱ्यावर ओला चकचकीत हात, जसा उतावीळपणे आपण मॉडवर मारू तसाच. तासाभराने बघा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. सुरकुत्या बहुधा तिसऱ्या भागावर आधी दिसतील. नीट वाळल्यावर दुसऱ्या भागाच्या एका कडेला लिक्विडचा थेंब रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या कडेला आयसोप्रोपिलचा बोळा फिरवा. उरलेली पट्टी फेकायची नाही! तिचं निम्मं काम अजून व्हायचंय.

आता सोडवासोडव. बॅटरी बाहेर, हे सांगायला नको. आतली बॅटरी निघतच नसेल तर स्प्रे करू नका, कारण कॅनमधला वायू ज्वलनशील असतो आणि तुषार फटींतून आत जातो. पाण्यातलं पीयू ब्रशने लावा आणि वाळवायला हीटगन, ओव्हन, कडक ऊन यातलं काहीही वापरू नका. स्क्रू काढता येत असतील तर बोर्ड, स्क्रीन, बटणं सगळं काढून नुसती बॉडी ठेवा. बटण जागेवर ठेवून क्लिअर मारला की फटीत तो सुकतो आणि फायरचं बटण दाबलेलंच अडकतं. मग लिक्विडची वाफ करणारी कॉइल तापतच राहू शकते.

बॅटरीच्या खाली किंवा झाकणावर बारीक छिद्रं असतात. ती शोभेची नसतात. सेल बिघडला तर आतला वायू तिथून सुटतो. छिद्रावर क्लिअरचा पारदर्शक पडदा धरला तर तो दिसतही नाही. म्हणून प्रत्येक छिद्रात टूथपिकचं टोक खोचा आणि काम झाल्यावर उजेडासमोर धरून आरपार दिसतंय का तपासा. ५१० च्या आट्यांना, म्हणजे वाफ तयार करणारा ॲटोमायझर जिथे फिरवून बसतो त्या जोडाला, टेप नीट बसत नाही. त्यापेक्षा एखाद्या निकामी ॲटोमायझरचा बुडखा तिथे फिरवून बसवा, आटे आणि मधली पिन दोन्ही झाकतात. आटे म्हणजे ऋण टोक. तिथे क्लिअर गेला की स्क्रीनवरचा रोधाचा (कॉइलच्या रेझिस्टन्सचा) आकडा नाचायला लागतो. ॲटोमायझर ज्या गोल कड्यावर टेकतो ते कोरंच ठेवा. तिथे उष्णता येते, आणि लॅकर उष्णतेने मऊ पडतं. झाकणाच्या कडा आणि चुंबकांच्या जागाही झाका, नाहीतर झाकण बसेनासं होतं. ड्रिप टिप (ओढायची नळी), टँक, हवेच्या वाटा, ओठ किंवा वाफ लागते अशा कुठल्याही जागी क्लिअर नको. यावर वाद नको.

साफसफाईत चूक होते ती नेहमीची: रंगावर अल्कोहोल फिरवणं. नुसत्या धातूला ते ठीक, पण ॲक्रिलिक रंग अल्कोहोलने मऊ पडतो आणि कापडावर येतो. भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात कापड पिळून घ्या, हलक्या हाताने पुसा, मग स्वच्छ पाण्याच्या कापडाने. वाळेपर्यंत हातमोज्यांशिवाय बोट लावू नका. सिलिकॉनचं पॉलिश त्या खोलीत कोणी फवारलं असेल तर जागा बदला, नाहीतर क्लिअरमध्ये गोल गोल खड्डे पडतात. रंग चकचकीत असेल तर १००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून एकदा अलगद फिरवा म्हणजे क्लिअर धरतो. मार्करच्या नक्षीवर अर्थातच नाही. आणि हेही आधी पट्टीवर.

हवा दमट असेल तर त्या दिवशी दुसरं काम करा. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि क्लिअर पांढुरका होतो. आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या वर असेल तर मी कॅन उघडत नाही. पांढुरका झालाच तर कोरड्या दिवशी एक पातळ हात मारला की बरेचदा निवळतो, पण त्या भरवशावर बसू नका.

बाकी फवारणी सगळ्यांना माहीत असते. गोळी वाजायला लागल्यावर आणखी दोन मिनिटं कॅन हलवा, अंतर २० ते २५ सेंटिमीटर, फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेर संपवा. बॉडी काठीवर खोचून धरा म्हणजे फिरवता येते. पहिला हात इतका हलका की काहीच झालं नाही असं वाटावं. चमक दुसऱ्या-तिसऱ्या हाताची. दोन हातांमध्ये १० ते १५ मिनिटं, आणि कॅनवर पुढचा हात किती वेळाच्या आत द्यायचा आणि ती वेळ टळली तर किती थांबायचं ते लिहिलेलं असतं, ते वाचा. या दोन वेळांच्या मध्ये मारलेला हातही सुरकुततो. ओघळ आला तर बोटाने पुसायची ऊर्मी दाबा, वाळल्यावर घासून निघतो. आणि प्रत्येक हात आधी पट्टीवर, मग मॉडवर. तिसराही! पट्टीवर आधीचे दोन नीट बसले म्हणून तिसऱ्याला सोडायचं नाही, कारण जसजसे हात वाढतात तसतसं आत अडकणारं द्रावकही वाढतं.

शेवटचा हात किंचित चिकट असतानाच टेप तिरपा ओढून काढा. घट्ट झाला असेल तर कडेने ब्लेडची रेघ मारून मग ओढा, नाहीतर क्लिअरचा टवका सोबत येतो.

वाळण्याच्या बाबतीत मॉडला हात लावायचाच नाही. पट्टी नाकाशी धरा, वास येतोय तोवर थांबा. वास गेला की पट्टीच्या कोपऱ्यात नख दाबा, ठसा उठला तर अजून थांबा. लॅकरला किमान आठवडा द्या. त्याआधी ॲटोमायझर आवळलात तर त्याच्या कडेचा गोल ठसा कायमचा उमटतो, नाहीतर तो चिकटतो आणि काढताना रंग घेऊन येतो. पॉलिश करायचंच असेल तर त्यानंतर, २००० आणि मग ३००० चा ओला पेपर, कडा सोडून. कडांवर क्लिअर नेहमीच पातळ बसतो.

काढायची वेळ आली की पुन्हा सोडवासोडव, पुन्हा झाकाझाक, खिडक्या उघड्या, ज्योत किंवा ठिणगी आसपास नको. आणि पट्टी बाहेर काढा. तिच्यावर सौम्यापासून सुरुवात: मिनरल स्पिरिट, मग आयसोप्रोपिल, ॲसिटोन सगळ्यात शेवटी. कापसाची काडी घासायची नाही, गोल फिरवत न्यायची, आणि दर वेळी नवी घ्यायची. काडी पांढरी आणि चिकट म्हणजे क्लिअर निघतोय. काडीवर रंग आला की ते द्रावक बाद. तिन्ही बाद झाली तर घासणं: १५०० चा पेपर, साबणाचं पाणी, आणि निघणाऱ्या चिखलाकडे लक्ष. दुधाळ आहे तोवर चालू ठेवा, रंगाची छटा दिसली की त्या क्षणी थांबा. सपाट भागावर हे जमतं, कोपऱ्यांवर क्वचितच, म्हणून कोपऱ्यांना टेप लावा आणि तिथला जुना क्लिअर राहू द्या. त्यावर नवा हात मिसळून जातो. टू-के असेल तर काढण्याचा नाद सोडा, वरून बारीक घासून नवा हात द्या.

रंगही नकोच असेल तर काम सोपं. नुसती धातूची बॉडी झाकणाच्या काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये बुडवा. प्लॅस्टिकचं काहीही आत राहिलं तर विरघळेल किंवा तडकेल. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम आणि झिंकच्या मिश्रधातूला खातो, मॉड बहुधा यांचेच असतात, त्यामुळे तो नको. डायक्लोरोमिथेनवाला पेंट रिमूव्हर घरात आणूच नका. शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो आणि बंद जागेत माणसं दगावली आहेत.

ॲसिटोनचे बोळे मोकळ्या हवेत पसरून वाळवा, मग टाका. जोडताना छिद्रं तपासा, फायरचं बटण मोकळं वर येतंय का बघा, ५१० चे आटे कोरड्या कापडाने पुसा, बॅटरीच्या वेष्टनावर ओरखडा नाही ना ते पाहा. ॲटोमायझर लावून रोधाचा आकडा स्थिर आहे का बघा. नाचत असेल तर आट्यांत क्लिअर आहे, टूथपिकने खरवडून काढा.